बडोद्याहून प्रवाळापर्यंत: स्कूबा शिकायचं तर तीन महिने आधी काय करावं

बडोद्यात पाणी कमी नाही. पण सूरसागरात पोहता येत नाही, आजव्याचं पाणी पिण्याचं आहे आणि विश्वामित्रीत मगरी आहेत. त्यामुळे बुडी मारायची तर बडोदेकराला गाव सोडावं लागतं.

मी पहिल्यांदा गाव सोडलं ते घाईघाईत. किनाऱ्यावरच्या एका गावात (नाव नको) नाष्टा झाल्या झाल्या नावेत बसवलं, पाच मिनिटांत सूचना उरकल्या, एकानं मागून सिलिंडर धरला आणि मला थेट चार मीटर खाली नेलं. हातात पावाचा तुकडा, भोवती माशांची झुंबड, दोन फोटो, की लगेच वर. कान आठवडाभर ठणकत होता. तो फोटो आमच्या दांडिया बाजारच्या घरात फ्रेम करून लावलाय. माझे डोळे आनंदानं विस्फारलेत असं पाहुण्यांना वाटतं. ते कळ आल्यामुळे विस्फारलेत.

नीट शिकलो ते त्यानंतर तीन वर्षांनी, सत्तेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा लक्षात आलं की निम्मी तयारी बडोद्यातच होऊ शकते आणि ती केली तर बेटावरचा महागडा वेळ कान आणि मास्कशी झगडण्यात जात नाही. माझा हिशेब तीन महिन्यांचा आहे. नवरात्र संपलं की सुरुवात करायची, जानेवारी-फेब्रुवारीत अंदमान. नऊ रात्रींच्या गरब्यानं दम तयार झालेला असतो, तो वाया घालवू नका.

आधी डॉक्टर, मग तिकीट

बरेच जण उलटं करतात. विमानाचं तिकीट काढून झाल्यावर, तिथे पोचल्यावर फॉर्म हातात पडतो. त्यात दमा, फीट येणं, हृदयविकार, मधुमेह, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, चालू औषधं असे प्रश्न असतात. एखाद्याला ‘हो’ लिहिलं तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय चांगला प्रशिक्षक पाण्यात उतरवत नाही. मग लोक सरसकट ‘नाही’ लिहितात. हे करू नका. दमेकऱ्याच्या फुप्फुसात हवा अडकून राहू शकते आणि वर येताना ती फुगते. गरोदरपणात बुडी मारायचीच नाही. मासिक पाळीत मारता येते; शार्क जमतात वगैरे थापा आहेत.

घरच्या डॉक्टरांबरोबर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही एकदा कान दाखवा. मळ घट्ट बसला असेल तर तो त्यांच्याकडूनच काढून घ्या, घरी काड्या घालू नका. वयाची खालची मर्यादा बहुतेक संस्थांत दहा वर्षं आहे. वरची नाही, तब्येत ठीक हवी.

पोहणं कितपत यायला हवं

‘अनुभव-बुडी’साठी, म्हणजे प्रशिक्षकानं धरून नेलेल्या हौशी बुडीसाठी, पोहता आलं नाही तरी घेतात. प्रमाणपत्राचा कोर्स म्हणजे ‘ओपन वॉटर’ करायचा असेल तर न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं अशी साधारण परीक्षा असते. २०० मीटरला वेळेचं बंधन नसतं. पंचवीस मीटरच्या तलावात त्या आठ फेऱ्या होतात. महापालिकेच्या तलावात सकाळची बॅच धरा आणि दीड महिन्यात आठाच्या सोळा फेऱ्या करा.

पण माझ्या मते तरंगण्याचा सराव त्याहून मोलाचा आहे. उताणं पडून, हातपाय न झाडता, श्वास भरला की शरीर वर येतं आणि सोडला की खाली जातं, हे अनुभवा. समुद्रात पुढे हेच करायचं असतं. शेजारच्या लेनमधले काका विचारतील, ‘थकलात का?’ विचारू द्या.

घरी आणखी एक सराव: बादलीत तोंड बुडवून, नाक उघडं ठेवून, स्नॉर्कलनं (तोंडात धरायच्या वाकड्या नळीनं) श्वास घ्या. नाकात पाणी असतानाही तोंडानं श्वास चालू ठेवता येतो हे मेंदूला पटायला चार-पाच दिवस लागतात. ते पटलं की खाली मास्कमध्ये पाणी शिरल्यावर घाबरगुंडी उडत नाही. आमची ही मला बादलीत तोंड घातलेलं पाहून दोन दिवस बोलली नाही.

कान: सगळ्यात आधी आणि सगळ्यात हळू

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. वरती एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन. दाब दुप्पट झाला की बंद जागेतली हवा निम्मी होते. म्हणजे सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो आणि माझा कान चार मीटरवरच का ठणकला हे यावरून कळतं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हलकेच फुंकर मारायची. दोन्ही कानांत ‘टक’ वाजलं की दाब समान झाला. हे दर अर्ध्या-एक मीटरला करायचं, दुखायला लागण्याआधी. दुखल्यावर जोर लावला तर पडदा फाटू शकतो. कान मोकळा होत नसेल तर अर्धा मीटर वर या, पुन्हा करा. तरीही झालं नाही तर त्या दिवशी बुडी नाही.

सर्दी असेल तर सरळ रद्द करा. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणारे भेटतात. गोळीचा अंमल खालीच संपला की कानात-सायनसमध्ये अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही आणि कळ खाली जातानापेक्षा वाईट असते.

कुठल्याही वयाच्या पाणबुड्याला पहिल्यांदा सांगतात तो नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. लहानपणापासून आपल्याला उलटं शिकवलेलं असतं, पाण्यात गेलं की श्वास धर. स्कूबात खाली दाबाखालची हवा फुप्फुसात असते आणि वर येताना ती फुगते. श्वास धरून वर आलात तर काही मीटरांतच फुप्फुसाला इजा होऊ शकते, तलावाच्या खोल टोकालासुद्धा.

सिलिंडरमध्ये काय असतं

सगळे ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात. त्यात तुमची-आमचीच हवा असते, गाळलेली आणि दाबून भरलेली. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे ११ लिटर जागा असते आणि २०० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) हवा भरतात, म्हणजे साधारण २२०० लिटर. त्यातले ५० बार राखीव, हाताशी उरतात १६५० लिटर. शांत माणूस वर मिनिटाला १५ लिटर हवा घेतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ३० लिटर. हिशेब करा: पंचावन्न मिनिटं. घाबरलेला माणूस दुप्पट घेतो, त्याची बुडी अठ्ठावीस मिनिटांत संपते. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, मध्ये थांबणं नाही. प्राणायाम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: इथे कुंभक अजिबात नाही.

बाकी सामान बुडी शिकवणाऱ्या दुकानातून मिळतं. स्वतःचं असावं ते फक्त मास्क. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क घ्या, किंवा मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरा. मास्क चेहऱ्याला लावून, पट्टा न बांधता नाकानं हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर मापाचा. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टनं दोन-तीनदा घासून काढल्याशिवाय वाफ धरते. आणि मिशी. झुपकेदार मिशीखालून पाणी शिरतं. नाकाखाली बोटाच्या पेराएवढी पट्टी कापलीत तर बरं, नाहीतर दर दोन मिनिटांनी मास्क रिकामा करायची तयारी ठेवा. मी पट्टी कापली. आईनं विचारलं, ‘कुणी गेलं का?’

मधला टप्पा: नरारा

थेट अंदमानला जाण्याआधी एकदा जामनगरकडे जाऊन या. बडोद्याहून ओख्याकडे जाणाऱ्या गाड्या जामनगरला थांबतात. कच्छच्या आखातातला सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग १९८२ साली जाहीर झाला आणि वाडीनारजवळच्या नराऱ्याला ओहोटीच्या वेळी प्रवाळ चालत जाऊन पाहता येतं. सिलिंडर नको, पोहणं नको. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या मात्र हवा.

बडोद्याचं आणि या किनाऱ्याचं नातं जुनं आहे. ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं. तिथल्या सागरी जीवांची पाहणी बडोदे सरकारनं जेम्स हॉर्नेल या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाकडून करून घेतली. अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला, दुसरा १९१६ साली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या करातून समुद्रगोगलगाई मोजल्या गेल्या, हे मला फार आवडतं.

जायचा दिवस पंचांग पाहून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी, पाणी दूरवर आत जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही. ओहोटीची नेमकी वेळ वाटाड्याला विचारा, कोकणातलं गणित इथे चालत नाही. जुने बंद बूट घाला, वाळूवर पाय ठेवा, प्रवाळावर नाही. पाणी परत फिरू लागलं की वाटाड्या हाक मारतो. त्या वेळी ‘एकच फोटो’ म्हणू नका.

इथे सावकाश बघायला शिका. पहिली दहा मिनिटं चिखल आणि दगडच दिसतात. मग एक दगड रंग बदलतो आणि तो ऑक्टोपस निघतो. त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळसर. डबक्यात समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) हलत असतं. मेंदूसारख्या सुरकुत्यांचा गोळा दिसतो, तो दगड नव्हे, हजारो बारक्या प्राण्यांची वसाहत आहे. आखाताचं पाणी गढूळ असल्यामुळे हे सगळं डोक्यावर पाणी असताना नीट दिसत नाही. म्हणूनच तिथे चालत जायचं.

पहिली खरी बुडी कुठे

मालवण-तारकर्ली आपल्या माणसांना भाषेसकट सोयीचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी उथळ आहे, परिसरातलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे. गुजरातहून कोकण रेल्वेमार्गे केरळला जाणाऱ्या गाड्या बडोद्यावरून जातात. कुडाळ किंवा कणकवलीला कुठली थांबते ते पाहून घ्या. मोसम ऑक्टोबर ते मे. पाणी पारदर्शक असेलच असं नाही, पण अनुभव-बुडीला पुरतं.

मालवणला आलेल्या बडोदेकराचा पुढचा बेत मला ठाऊक आहे: संध्याकाळीच आंबोली घाट चढून कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन. तो दुसऱ्या दिवसावर ढकला. खाली दाबाखाली रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. तोवर उंचावर गेलात तर बाटलीचं झाकण उघडल्यावर सोड्याचं होतं तसं होऊ शकतं. पाणबुड्यांच्या नियमांत ३०० मीटरपासूनच उंचीचा विचार करतात आणि आंबोली ६९० मीटरवर आहे. विमानाला तर निदान १८ तास द्यावेच लागतात, अनेक बुड्या झाल्या असतील तर मी पूर्ण २४ तास ठेवतो.

प्रमाणपत्रासाठी मात्र अंदमान. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम. तिथून बोटीनं स्वराज द्वीप, ज्याला अजूनही सगळे हॅवलॉक म्हणतात. बडोद्याहून सरळ विमान नाही, मध्ये बदलावं लागतं. कोर्सचे तीन-चार दिवस आणि शेवटचा एक कोरडा (बुडी न मारायचा) दिवस असा आठवडा धरा. लक्षद्वीपचं पाणी आणखी सुंदर, पण तिथे परवाना लागतो आणि बेत खूप आधी करावा लागतो.

दुकान निवडताना पैसे शेवटी विचारा. आधी हे विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण? (नवख्यांना दोन बरे, चाराच्या वर नकोच.) नावेवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का? इथे खरोखर ऑक्सिजन हवा. प्रशिक्षकाचं कार्ड बघू का? टाकी उघडून हवेचा वास घ्या. तेलाचा, धुराचा वास आला तर परत द्या. तब्येतीचा फॉर्म न मागणारं दुकान सोडा. ‘काही होत नाही हो’ हे वाक्य ऐकलं तर तिथून उठा.

प्रत्यक्ष दिवस

आदल्या रात्री झोप. गुजरातेतल्या दारूबंदीतून सुटून आल्यासारखे काही जण पहिल्याच रात्री बाटली उघडतात. शरीर कोरडं पडतं आणि नायट्रोजनचा धोका वाढतो. सकाळी हलकं खा, भरपूर पाणी प्या. बोट लागत असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी आधी घरी घेऊन पाहा, झोप किती येते ते कळेल. आमच्याकडे आलेपाक चालतो. मंगळसूत्र, पैंजण, अंगठ्या हॉटेलातच ठेवा: अडकतात, आणि चमकणारी वस्तू बॅराकुडा या शिकारी माशाला मासळी वाटू शकते.

खुणा पाठ हव्यात. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. मस्त म्हणजे तर्जनी-अंगठ्याचं वर्तुळ. पहिल्या बुडीत एका तरुणानं आनंदानं अंगठा दाखवला आणि प्रशिक्षक त्याला मुकाट्यानं वर घेऊन गेला. पंजा आडवा हलवला की ‘गडबड आहे’, मग गडबड कुठे ते बोटानं दाखवायचं.

कोर्सची मर्यादा १८ मीटर, अनुभव-बुडीची १२. खोलीच्या मागे लागू नका. पाच-सात मीटरनंतरच लाल रंग विझायला लागतो आणि आणखी खाली सगळं निळं-करडं होतं. रंग आणि मासे दोन्ही उथळात जास्त. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. ही तीन मिनिटं कंटाळवाणी वाटतात खरी, पण आमच्या अंगावरून हॉक्सबिल कासव गेलं ते याच वेळी.

खाली काय पाहायचं, काय टाळायचं

हात छातीशी बांधा. पहिल्या दिवशी सगळे हात मारतात, वाळू उडवतात, आणि मग ‘काहीच दिसलं नाही’ म्हणतात. एका प्रवाळाच्या गोळ्यासमोर पाच मिनिटं स्थिर राहा.

समुद्रफुलात राहणारा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश सगळ्यांना हवा असतो. या घरात सत्ता मादीची असते. सगळे जन्मतः नर. मादी मेली की तिचा जोडीदार मादी होतो. पोपटमासा चोचीनं प्रवाळ कुरतडतो, त्याचा आवाज पाण्यात कुरमुऱ्यांसारखा ऐकू येतो, आणि दळलेला चुना वाळू होऊन मागून पडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो तिच्यातली बरीचशी अशी तयार झालेली असते. पुढे एखाद्या खडकापाशी मासे रांगेत थांबलेले दिसतील. तिथे सफाई करणारा बारका निळा मासा बसलेला असतो, मोठ्यांच्या कल्ल्यांतले परजीवी खातो. सलूनसारखंच, फक्त राजकारणाच्या गप्पा नाहीत.

मोरे ईल बिळातून तोंड उघडझाप करतं ते धमकावत नसतं, श्वास घेत असतं. पट्टेरी समुद्रसाप अत्यंत विषारी पण मवाळ. वाट अडवू नका. सिंहमासा देखणा, त्याच्या काट्यांपासून हात दूर. दगडमासा दिसतच नाही, म्हणून कशालाच हात लावायचा नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांत, तो भाग बुडवून ठेवतात आणि डॉक्टरकडे नेतात. मला खरी भीती टायटन ट्रिगरफिशची वाटते. अंडी राखत असताना तो चावायला येतो आणि त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून वर पळायचं नाही, आडवं निघून जायचं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत आणि काही किनाऱ्यांवर फलक आहेत. बडोदेकराला मगरीचा फलक नवा नाही. वाचा आणि ऐका.

फिकट पांढरं पडलेलं प्रवाळही दिसेल. पाणी फार तापलं की आत राहणारं, त्याला रंग आणि अन्न देणारं शेवाळ निघून जातं. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२३ नंतर जगभर हे झालं. प्रवाळ कायद्यानं वाघाइतकंच संरक्षित आहे, १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. तुटका तुकडाही उचलायचा नाही. माशांना पाव टाकायचा नाही, हे मी लाजेनं लिहितोय. उन्हासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला.

वर आल्यावर

कान गोड्या पाण्यानं धुऊन, डोकं कलतं करून कोरडे करा. सांधे दुखणं, त्वचेवर चट्टे, मुंग्या, अनावर थकवा यांतलं काही जाणवलं तर ‘प्रवासाचा शीण’ समजून झोपू नका, लगेच प्रशिक्षकाला सांगा. कोरड्या दिवशी सेल्युलर जेल पाहा. सावरकरांची कोठडी पाहायला मराठी माणूस जातोच.

आणि त्याच संध्याकाळी वही लिहा: खोली, मिनिटं, किती बारवर वर आलात, काय दिसलं. माशांची इंग्रजी नावं तेव्हा आठवत नाहीत, म्हणून मी सुचेल ते नाव देतो आणि नंतर पुस्तकात ताडून पाहतो. बहुतेक सापडले. लाल-पिवळे ठिपके, वर काहीतरी कुरकुरीत भुरभुरल्यासारखी पाठ, असा एक मात्र कुठेच सापडला नाही. तो वहीत अजून ‘सेव-उसळ’ म्हणूनच आहे.